कोऱ्या तारेवर भेसळीचा आळ आला त्याची हकीकत

श्री. ज्याच्या एका टोकास धन आणि दुसऱ्या टोकास ऋण, आणि दोहोंच्या मध्ये हात घातला असता ज्याचे दर्शन तत्काळ होते, त्या विद्युद्देवास साष्टांग नमन करून, आणि ऐकणाराच्या कानांस दंडवत घालून, शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, एका राज्यात जो अनर्थ उघडकीस आला तो जैसा पाहिला तैसा लिहितो. राज्याचे नाव विचारू नये. नाव घेतल्याने कोणाची शोभा वाढेल ऐसे त्यात काही नाही. आणि लेखकाचे नाव तर मुळीच विचारू नये, कारण लेखकास अजून त्याच राज्यात राहून दोन वेळा जेवावयाचे आहे.

ऐशियास, ते राज्य ध्वनीचे. इतर राज्ये घोडे पाळितात, तोफा ओतितात; या राज्याने ध्वनिवर्धक घडवावे. ध्वनिवर्धक म्हणजे लहान आवाज आत घालावा आणि तोच मोठा होऊन बाहेर यावा ऐसे यंत्र. तोच यावा, हे महत्त्वाचे. गवयाने षड्ज लाविला आणि यंत्राने त्यात आपल्या पदरचे चार सूर मिसळून बाहेर दिले, तर त्यास या मुलखी भेसळ म्हणत. आणि गवई थांबला तरी यंत्र आपले शूं शूं करीत राहिले, तर त्यास खरखर म्हणत. भेसळ आणि खरखर हे दोनच शत्रू, तिसरा शत्रू राज्यास नव्हता. आणि तांबे महाग, कारागिराचा वेळ त्याहून महाग, म्हणून यंत्र हाताने घडविण्याआधी त्याचा नकाशा संगणकात भरावा, आणि संगणकात त्याची छाया चालवून पाहावी, छायेच्या एका टोकास शुद्ध सूर द्यावा, आणि दुसऱ्या टोकास काय निघते ते मोजावे, यास सिम्युलेशन म्हणत. आणि छाया शुद्ध निघाली तरच मग कथील वितळवून तारा जोडावयाची सोल्डरची कांडी तापवावी, ऐसा शिरस्ता होता. शिरस्ता उत्तम. ज्याने घातला तो शहाणाच होता. पण पुढे शिरस्त्यास दरबार चिकटला, आणि दरबार चिकटला म्हणजे काय होते हे दरबारी माणसास सांगावयास नको.

मोजणी भर दरबारात व्हावी, ती येणेप्रमाणे. महाराजांनी गादीवर येऊन बसावे, मग तुतारी व्हावी, आणि तुतारीचा पहिला नाद निघताच मापनवीसाने संगणकाची कळ दाबावी आणि त्याच क्षणापासून मोजणी धरावी. मग तबकातून विडा महाराजांपुढे यावा, महाराजांनी तो उचलावा, न्याहाळावा, मर्जीस येईल तेव्हा मुखी घालावा, आणि विडा मुखी गेला की दरबारी सर्व हालचाल थांबावी, म्हणून मोजणीही तेथेच थांबावी. महाराज विडा चघळीत असता कळफलक खडखडला तर ती मोठी बेअदबी. आता विडा कधी झटकन मुखी जाई, कधी बोलण्याच्या नादात हातातच राही, म्हणून मोजणी कधी आखूड, कधी लांब. आणि आखूड वेळातही काम उरकावे म्हणून संगणकास लांब लांब टांगा टाकावयाची सवय लाविली होती, म्हणजे त्याने सूर जागोजाग न पाहता मधला मधला गाळून पाहावा आणि गाळलेले अंदाजाने भरून घ्यावे. याप्रमाणे जो आकडा निघे तो मापनवीसाने मोठ्याने वाचावा. शेकडा एकाहून अधिक भेसळ निघाली तर रचना करणाराची कांडी तेथल्या तेथे पाण्यात बुडवून विझवावी आणि काढून घ्यावी, आणि त्याने जन्मात पुन्हा कांडी हाती धरू नये, किल्ल्याखालच्या कोठीत बसून केबल गुंडाळावी. खरखरीच्या रकान्यात मात्र नेहमी निरंक येई. ज्याचे त्याचे निरंक. त्याचा राज्यात मोठा अभिमान असे की आमच्या मुलखी खरखर म्हणून औषधालाही सापडत नाही.

या विद्येचे मूळपुरुष विसाजीपंत. त्यांचा कान ऐसा की दिंडी दरवाज्यातून कोणी शिरला तर जोड्याच्या आवाजावरून माणूस सांगावा. त्यांचे पट्टशिष्य नागोराव. पोरके म्हणून पंतांच्या घरी आले, पंतांच्याच ताटात जेविले, पंतांनीच कांडी धरावयास शिकविले, आणि पुढे नागोराव दरबारी मापनवीस झाले. माणूस सचोटीचा, कोणाकडून सुपारीचे खांडही न घेणारा. मग एके वर्षी पंतांनी आपली सर्वांत आवडती रचना दरबारात मोजणीस आणिली, आणि तुतारी झाली आणि विडा झाला आणि नागोरावांनी आकडा पाहिला तो सव्वादोन. सर्व दरबार त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. आकडा वाचताना नागोरावांचा आवाज फुटला, डोळ्यांस पाणी आले, पण आकडा बदलला नाही. लोक म्हणाले, मापनवीस असावा तर ऐसा, गुरूचीही भीड धरीत नाही. विसाजीपंत एक शब्द बोलिले नाहीत. कांडी आपल्या हाताने पाण्यात बुडविली, ती चुर्र झाली, तबकात ठेविली, महाराजांस मुजरा केला आणि कोठीची वाट धरिली. त्या दिवसापासून केबल गुंडाळीत आहेत.

आणि नागोरावांची स्वतःची एक रचना होती, ती मोजणीत शुद्ध ठरून दरबाराच्या छतास मोठ्या मानाने टांगिली होती, महाराजांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत पोचावा म्हणून. महाराज बोलू लागण्याआधी आणि बोलून झाल्यावर त्या यंत्रातून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यागत आवाज येई. नवा माणूस वर पाही. जुन्या माणसाने त्यास कोपर मारून सांगावे, ते महाराजांचे तेज आहे, खाली बघ. कागदावर निरंक लिहिले होते, मग कानांस कोण विचारतो.

ऐसे चालले असता महाराजांच्या मातुश्री, त्यांस सर्व आईसाहेब म्हणत, त्यांचे कान जड जाहले. प्रथम कीर्तन ऐकू येईनासे झाले, मग माणसे, मग नातवाने हाक मारली तरी उत्तर न यावे आणि पोराने रुसून जावे. आईसाहेब मनाने खंबीर, पण त्या दिवशी मात्र डोळे पुसताना दासींनी पाहिले. तेव्हा महाराजांनी कर्णयंत्र करण्याची आज्ञा केली, आणि ते काम म्हाळसाबाईंनी मागून घेतले. म्हाळसाबाई परमुलखी राहून ही विद्या शिकून आलेल्या. बुद्धी धारेची, आणि जिभेस लगाम नाही. कारभारी त्यांस पाहून रस्ता बदलीत. परत आल्यापासून रोज दुपारी ही बाई कोठीत जाऊन विसाजीपंतांच्या शेजारी केबलच्या वेटोळ्यावर बसे आणि त्यांजकडून जुन्या रचना वदवून घेई. पंतांनी तीही रचना सांगितली, पण सांगताना बजाविले, "ही दोषी आहे हो पोरी. सव्वादोन निघाली होती. ही तू घेऊ नकोस." बाईंनी घरी जाऊन तीच चोरून घडविली, कान लावून ऐकिली, आणि कर्णयंत्राच्या पोटात तीच घातली. कोणास सांगितले नाही. म्हणजे बाईंची कांडी, आईसाहेबांचे कान आणि म्हाताऱ्याची अब्रू, तिन्ही एका नकाशात घालून बाई दरबारात आल्या, आणि आम्हांस वाटले की रोजच्यासारखी मोजणी होईल आणि आम्ही जेवावयास जाऊ.

तुतारी झाली, कळ दाबली गेली, तबक आले, महाराजांनी विडा मुखी घातला. नागोरावांनी वाचिले, "भेसळ शेकडा दीड. खरखर निरंक." महाराजांनी मान हलविली आणि पाण्याचे पात्र पुढे आणविले. मग म्हाळसाबाईंनी कांडी पदराआड घेतली आणि बोलिल्या, "कांडी देते, महाराज. आधी एक विचारते. आपण वाण्याकडे आपलं भांडं घेऊन तूप आणायला गेलात तर वाणी पहिल्यांदा काय करतो?" महाराज जन्मात वाण्याकडे गेले नव्हते, त्यांनी कारभाऱ्यांकडे पाहिले, कारभारी तूप भेटीत येई तेवढेच जाणत, त्यांनी छताकडे पाहिले. चिकाच्या पडद्याआडून आईसाहेब ओरडल्या, "काय म्हणते ती? तूप कोणाला पाहिजे?" तेव्हा दासीने कानाशी तोंड नेऊन सर्व सांगितले. आईसाहेब बोलिल्या, "त्यात काय विचारायचं? आधी भांड्याचा धडा करतो. रिकामं भांडं पारड्यात घालतो, समोर तेवढंच वजन टाकतो, मग तूप. नाहीतर भांडं तुपाच्या भावानं विकलं जातं." बाई बोलिल्या, "हेच. तुमच्या या मोजणीचा धडा कोणी केला आहे का? माझी रचना काढा आणि तिच्या जागी कोरी तार ठेवा. या टोकाला सूर, त्या टोकाला सूर. तार बिचारी सुरात काय मिसळणार? ती मोजून दाखवा." नागोराव शांतपणे बोलिले, "बाई, तार काय मोजायची. शून्य येणार. दरबाराचा वेळ जाईल." बाई बोलिल्या, "मग शून्य येऊ द्या की. तुमच्या तीर्थरूपांचं काय जातं?" दरबारात कुजबुज उठली. महाराजांच्या कपाळी आठी पडली आणि ते बोलिले, "ठीक. पण तार शुद्ध निघाली तर कांडी जाईलच, आणि दरबाराची थट्टा केली म्हणून तुला कोठीतही जागा मिळणार नाही. सरहद्द ओलांडावी लागेल. कबूल?" बाईंचा रंग उडाला, तो आम्ही समोरून पाहिला. त्यांस खातरी नव्हती. कानांनी एक सांगितले होते आणि दरबाराने दुसरे, त्यांतल्या कानांवर त्या सर्व लावून बसल्या होत्या. पदर खोचून बोलिल्या, "कबूल."

मग नकाशातून कर्णयंत्र काढले आणि दोन टोकांमध्ये एक सरळ रेघ ओढली. लोक हसू लागले. सेनापतींनी शेजाऱ्याशी पैज मारली. पुन्हा तुतारी झाली, पुन्हा कळ दाबली, पुन्हा तबक आले, महाराजांनी विडा उचलिला आणि गंमत पाहावी म्हणून किंचित वेळ हाती ठेवून मुखी घातला. नागोरावांनी आकडा पाहिला आणि वाचलाच नाही. महाराज खुणेने बोलिले, वाचा. नागोरावांनी डोळे चोळिले, पुन्हा पाहिले, आणि अशा आवाजात बोलिले की पुढच्या रांगेसही नीट ऐकू न यावे: "भेसळ शेकडा पावणेदोन."

काय लिहावे. लेखकाने या दरबारात बरेच पाहिले, पण एवढ्या माणसांची तोंडे एकदम उघडी राहिलेली पाहिली नाहीत. कोरी तार. जिच्यात काही नाही, जी काही करीत नाही, ती म्हाळसाबाईंच्या यंत्राहून अधिक दोषी. कारभारी प्रथम सावरले आणि बोलिले, "तार जुनी असेल, गंजली असेल, दुसरी आणा." तेव्हा कोणी सांगितले की ही खरी तार नव्हे, नकाशातली रेघ आहे, रेघ गंजत नाही. सेनापती बोलिले, "कायदा सर्वांना सारखा. तारेची कांडी काढून घ्या." मग त्यांच्याच ध्यानात आले की तारेस कांडी नाही, आणि ते खाली बसले. कोणी हसले नाही. कारण प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट आली होती, आणि ती कोणी बोलत नव्हते, की तार जर दोषी, तर आजवर कोठीत गेले ते कोण? या कोठीत आमच्या शेजारचा एक जण गेला होता, आणि त्याच्या मुलीचे लग्न त्यापायी मोडले होते, आणि आम्ही त्या घरचे हळदीकुंकू बंद केले होते.

नागोराव खाली बसले. मग तसेच बसल्या जागी संगणक पुढे ओढून त्यांनी त्या सुराची लाट पडद्यावर काढविली आणि तिचे शेवटचे टोक पाहिले, मग पहिले टोक पाहिले, मग पुन्हा शेवटचे. आणि उठून हात जोडून बोलिले, "महाराज, संगणक जो तुकडा मोजतो, तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालतो आहे असं धरून मोजतो. ठेक्यासारखा. आता सोळा मात्रांचा ठेका कोणी तेराव्या मात्रेवर तोडला आणि लगेच समेवर आला, तर ऐकणारा म्हणेल तबलजी चुकला. तबलजी चुकलेला नसतो. त्याचा हात कोणीतरी मध्येच धरलेला असतो. ही लाट अर्ध्यात कापली गेली आहे. तिचं शेपूट तिच्या तोंडाला जुळत नाही, आणि त्या सांध्याला आपण भेसळ म्हणतो आहोत." महाराज बोलिले, "हात कोणी धरला?" नागोराव लाटेच्या तुटक्या टोकाकडेच पाहू लागले. महाराजांनी पुन्हा विचारिले. तेव्हा नागोराव खाली पाहून बोलिले, "विड्यानं, महाराज."

हे ऐकून चोपदाराच्या हातची काठी पडली. राजाचा विडा दोषी आहे ऐसे या राज्यात आजवर कोणी झोपेतही बोलले नव्हते. पण नागोराव आता थांबेनात. बोलिले, "आणि तुतारीबरोबर मोजणी धरतो तेही चूक. सर्किटात वीज शिरली की ते घटकाभर डचमळतं, मग स्थिर होतं. सून उंबरठ्यावर माप ओलांडते आहे आणि आपण तिला विचारतो पुरण का जळलं. आणि लांब टांगा टाकायला संगणकाला मी शिकवलं, विड्याच्या आत उरकावं म्हणून. ते माझं आहे, ते दुसऱ्या कोणावर जायला नको." महाराजांच्या मुखी तोच विडा होता. मग महाराजांनी पिकदाणी मागविली, विडा त्यात टाकिला, तोंड पुसले आणि बोलिले, "पुन्हा मोजा. पाहिजे तेवढा वेळ घ्या." आम्ही त्यांचे अन्न खातो म्हणून म्हणत नाही, पण त्या क्षणी ते खरेच राजे दिसले.

मग टांगा आखूड केल्या, आणि सर्किट स्थिर होईपर्यंतचा भाग सोडून दिला, आणि लाटा मोजून पुऱ्या घेतल्या, एकही अर्धी नाही. आणि आधी तार मोजिली, तो तिच्यात कोटीत एक भागही भेसळ सापडेना. तेव्हा कोठे लोकांनी श्वास सोडला. मग म्हाळसाबाईंचे कर्णयंत्र मोजिले, त्यास बराच वेळ लागला, महाराज बिनविड्याचे अस्वस्थ होऊन गादीवर चुळबुळत होते. आकडा आला, लाखात तीन भाग. बाई तेथेच खांबास टेकल्या. पण जीभ कोठली राहते; बोलिल्या, "आता खरखरही खरी मोजा. निरंक निरंक काय लावलंय?" नागोराव बोलिले, "बाईंचं खरं आहे. छायेला घाम येत नाही, महाराज. खरं यंत्र चाललं की आतल्या उष्णतेनं शूं शूं करतंच. छाया ते आपण होऊन करीत नाही, संगणकाला ते वेगळं विचारावं लागतं, आणि आम्ही कधी विचारलंच नाही. निरंक म्हणजे खरखर नाही असं नव्हे. निरंक म्हणजे विचारलं नाही." मग कर्णयंत्राची खरखर विचारिली, ती कुजबुजीहून पुष्कळ खाली निघाली. आणि मग कोणी सांगितले नसता नागोरावांनी आपली स्वतःची रचना, तीच छतास टांगलेली, नकाशात घातली आणि तिची खरखर विचारिली, आणि जो आकडा आला तो न अडखळता वाचिला. हळू बोलणाऱ्याचा आवाज बुडावा एवढी. दरबार ऐसा शांत झाला की छतावरचे यंत्र स्पष्ट ऐकू आले, शूं. सर्वांनी वर पाहिले. कान तेच होते, खरखर तीच होती, आणि आज प्रथम ऐकिली. पडद्याआडून आईसाहेबांनी काय झाले ते दासीस विचारिले आणि बोलिल्या, "मला तर ती रोज ऐकू यायची. आताशा तेवढीच ऐकू येते."

तेव्हा म्हाळसाबाई नागोरावांजवळ गेल्या आणि हळू आवाजात, आमचे आसन जवळ म्हणून आम्हांस ऐकू आले, बोलिल्या, "राव, तुम्ही आत्ता लाखात तीन वाचलंत, ती रचना ओळखलीत का?" नागोरावांनी नकाशा पाहिला. आतापर्यंत मोजीत होते, पाहिले नव्हते. सबंध पाहून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि दरबार संपेपर्यंत काढिले नाहीत.

पुढे कर्णयंत्र घडविले. आईसाहेबांनी कानी लाविले तो प्रथम आपल्याच बांगड्या वाजलेल्या ऐकून दचकल्या. मग नातवास हाक मारिली, आणि त्याने ओ दिली, ती ऐकिली. पोर धावत मांडीवर आले. त्याचे बोलणे पोटभर ऐकून झाल्यावर आईसाहेबांनी विचारिले, हे ज्याच्या रचनेवर चालते तो माणूस कोठे आहे. त्यांस कोठीचे नाव सांगितले. आईसाहेब महाराजांकडे पाहून बोलिल्या, "मी बहिरी होते म्हणून ठीक. तुला तर ऐकू येत होतं ना?" महाराजांनी खाली पाहिले आणि पालखी काढविली. आईसाहेब खासा निघाल्या, बरोबर म्हाळसाबाई, आणि मागे नागोराव अनवाणी, हाती ते तबक, त्यात विसाजीपंतांची विझविलेली कांडी. आम्हीही गेलो. न जाता राहवेना.

विसाजीपंत कोठीच्या दाराशी उन्हात बसून केबल गुंडाळीत होते. पालखी आली, भोई ओरडले, तरी मान वर नाही. तेव्हा कळले की त्यांचाही कान गेला. जोड्यावरून माणूस सांगणारा कान, तो गेला आणि राज्यात कोणास पत्ता नव्हता. म्हाळसाबाई रोज शेजारी बसत, त्यांस ठाऊक होते, त्या कानाशी ओरडून बोलत. पण त्यांनीही कोणास सांगितले नव्हते, पंतांनी शपथ घातली होती. आईसाहेबांनी कोणाचे न ऐकता आपल्या कानातले यंत्र काढिले आणि बाईंच्या हाती दिले, बोलिल्या, "आधी त्यांना." बाईंनी ते पंतांच्या कानी बसविले आणि तंबोरा जवळ घेऊन षड्जाची तार छेडिली.

पंतांचे हात केबलवर थांबले. डोळे मिटले. तार विझत जाते तिथपर्यंत ऐकिले, आणि बोलिले, "पुन्हा." बाईंनी पुन्हा छेडिली. पंत बोलिले, "ही माझी रचना." बाई बोलिल्या, "होय." पंत किंचित हसले आणि बोलिले, "शुद्ध आहे." मग जरा थांबून, आपल्याशीच बोलावे तैसे बोलिले, "तेव्हाही होती." हे ऐकून नागोराव तबकासह त्यांच्या पायांशी बसले आणि बोलिले, "गुरुजी, तुम्हांला ठाऊक होतं?" पंत बोलिले, "कानाला ठाऊक होतं." नागोराव बोलिले, "मग त्या दिवशी दरबारात एक शब्द का बोलला नाहीत? एवढी वर्षं का बोलला नाहीत?" पंतांनी त्यांजकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे होते, निदान आम्हांस लिहावयास सोपे गेले असते. पंत बोलिले, "तू मोजलं होतंस ना, नागू. मला वाटलं माझाच कान म्हातारा झाला. म्हटलं, नागू चुकीचं मोजायचा नाही."

नागोरावांनी केबलच्या वेटोळ्यावर डोके ठेविले. आईसाहेबांनी तोंड फिरविले. पंतांनी हात लांब करून नागोरावांच्या पाठीवर ठेविला आणि म्हाळसाबाईंस बोलिले, "कांडी तापव. या केबलचं टोक कधीचं सुटलंय, मला डोळ्यांनी दिसत होतं, पण हात लावायची परवानगी नव्हती."

येणेप्रमाणे हकीकत. पुढे कोठीत गेलेल्या सर्वांच्या रचना नव्याने मोजिल्या. कित्येक शुद्ध निघाल्या, काही खरोखरच भेसळीच्या निघाल्या, तेही लिहिले पाहिजे. आणि कित्येकांच्या कांड्या त्यांच्या मुलालेकरांच्या हाती द्याव्या लागल्या, कारण माणसे राहिली नव्हती. शेजारच्या घरी आमच्या कुटुंबाने पुन्हा हळदीकुंकवाचे बोलावणे धाडिले, ते आले नाहीत. महाराज दरबारात विडा घेत नाहीत. छतावरचे यंत्र नागोरावांनी आपल्या हाताने उतरविले. त्यांस काय शिक्षा द्यावी ऐसे महाराजांनी विसाजीपंतांस विचारिले, तेव्हा पंत बोलिले, "मापनवीस त्यालाच ठेवा. आता तो आधी तार मोजेल." त्याप्रमाणे नागोरावच मोजितात. रोज प्रथम कोरी तार मोजितात आणि तिचा आकडा मोठ्याने वाचितात. आकडा शून्यच असतो. वाचताना त्यांचा आवाज अजून फुटतो.